मोरवाल्या कॅसिनोला पाच चांदण्या

विंडसर
३ फेब्रुवारी २०२५

राजस,

आशीर्वाद आहेतच, दरवेळी ते लिहून शाई घालवत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतोस आणि पुढच्या महिन्यात "मी कुठे असं म्हणालो" म्हणतोस. तुझी आई लहानपणी हेच करायची. माझीच लेक, मला ठाऊक आहे. म्हणून कागद. उत्तरही कागदावर पाहिजे.

विषय असा. तुझा नंदूमामा पहाटेच गाड्यांच्या प्लांटमध्ये जातो, सूनबाई तिच्या डे-केअरला. दाराबाहेर बर्फ, टीव्हीवर सासवा. मग मी टॅबलेटवर कॅसिनो खेळते. लपवत नाही. नंदू तोंड वाकडं करतो, मी ते बघत नाही. पेन्शनीतले थोडे बाजूला ठेवते, ते गेले की त्या महिन्याचा खेळ संपला.

आता ऐक. कॅसिनो दोन आहेत. पहिल्याची जाहिरात हॉकीच्या मॅचमध्ये येते. तिथे नाव घालायची वेळ आली तेव्हा मी माहेरचं घातलं, यमुना शिंत्रे. तुझ्या आजोबांनी जन्मात पत्त्याला हात लावला नाही. लग्नात त्यांनीच तांदळात बोटाने इंदुमती लिहिलं आणि मी यमुनाची इंदुमती घाटगे झाले. ते नाव जुगाराच्या दारात कशाला न्यायचं? पण त्या कॅसिनोने आत घेतलंच नाही. तुमचं कार्ड दाखवा, जन्मतारीख दाखवा, कार्डावर ही बाई नाही. एक सेंट घ्यायच्या आधी हाकललं. मला रागच आला.

दुसऱ्यावर मोराचं चित्र आहे. त्याने यमुनाबाईंना नुसतं आत घेतलं नाही, वर बोनस दिला. "वेलकम यमुना" म्हणाला. ह्या देशात मला यमुना म्हणणारं दुसरं कुणी नाही.

तू कॉम्प्युटर शिकलास, त्यासाठी तुझ्या बापाने फ्लॅट गहाण टाकला. तर सांग, ह्यातलं कुठलं कॅसिनो धड आणि कुठलं लबाड? ते कशावरून ओळखायचं? गोल बोलू नकोस.

आजी


बर्नाबी
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं लेटर वाचून मी स्कायट्रेनमध्ये एकटाच हसत होतो. माझे रूममेट्स म्हणतात तुझी आजी लेजंड आहे.

सरळ सांगतो. मोरवालं बेस्ट आहे. मी प्रॉपर रीझन्स देतो. एक, वर कुलपाचं चिन्ह आहे, म्हणजे साइट सिक्युअर. दोन, त्यांच्याकडे लायसन्स आहे, एका बेटाच्या सरकारचं. तीन, खाली सील आहे, म्हणजे त्यांचे गेम्स बाहेरच्या लॅबने टेस्ट केलेत, चाक कुणी हाताने फिरवत नाही. चार, चोवीस तास चॅटवर माणूस. पाच, रिव्ह्यू वाच, सगळीकडे फाइव्ह स्टार. तुला एवढं सगळं अजून कुठे मिळणार?

हॉकीवाले ओव्हर-स्ट्रिक्ट आहेत. इतकी पर्सनल माहिती मागतात हेच मला सस्पिशस वाटतं. तसे इथे बी.सी. प्रांतात ते चालतही नाहीत, फक्त तुमच्या ऑन्टॅरिओत. मोरवालं कुठेही चालतं.

माझं ऑफिस मस्त चाललंय. कंटेंटचं काम आहे, लिहायचं असतं. मे महिन्यात एक वर्ष होईल, मग ते एक्स्पीरियन्स लेटर देतील आणि मी पी.आर.ला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीला, अप्लाय करीन. वर्क परमिट ऑगस्टपर्यंतच आहे, म्हणून त्या लेटरशिवाय काही खरं नाही. पण मिळेल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा तुझा काळ्या साडीतला फोटो ऑफिसात सगळ्यांना फार आवडला.

तुझा राजस


विंडसर
२४ फेब्रुवारी २०२५

राजस,

पत्र मिळालं. अक्षर तुझं डॉक्टरसारखं झालंय, डॉक्टर न होताच.

तुझी पाच कारणं घेऊन बसले आणि एकेक तपासलं.

कुलूप. कुलूप हॉकीवाल्याला आहे, मोरालाही आहे आणि सूनबाई कुंड्या मागवते त्या दुकानालाही आहे. कुलूप म्हणजे वाटेत कुणी चोरणार नाही. आत बसलेलाच चोर असला तर कुलूप काय करणार?

बेट. मी चॅटवाल्याला विचारलं, उद्या भांडण झालं तर ह्या बेटावर कुणाला फोन करायचा. तो म्हणाला, "आम्ही तुमच्या अनुभवाची कदर करतो." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं, जेवलास का बाबा? तेव्हाही तेच.

सील. त्या सीलवर मी बोट दाबलं. काही झालं नाही. हॉकीवाल्याच्या सीलवर दाबलं तर तपासणाऱ्याचं पान उघडलं, त्यावर त्या कॅसिनोचं नाव होतं. मोराचं सील म्हणजे भिंतीवर काढलेला दरवाजा.

मग ऑन्टॅरिओ सरकारची यादी उघडली. ज्यांना इथे परवानगी आहे त्यांची नावं त्यात असतात, कुणालाही बघता येतात. हॉकीवाला आहे. मोर नाही.

आणखी एक. हॉकीवाला दारातच विचारतो, बाई, महिन्याला किती हरायची तयारी आहे? तो आकडा आपणच घालायचा, पुढे तो खेळू देत नाही. कायमचं बंद करायचं तर त्याचंही बटण आहे. मोराकडे हे बटण मी चष्मा पुसून पुसून शोधलं. सापडलं ते एकच, अजून पैसे भरा.

आता मुख्य गोष्ट. मी मोराकडे जिंकले. फार नाही, पण जिंकले. म्हटलं, द्या. तर म्हणे ओळखपत्र पाठवा. पाठवलं. तर म्हणे यमुना आणि इंदुमती एक कशावरून? मी लिहिलं की आमच्यात लग्नात बाईचं नाव बदलतात. तर म्हणे ठीक आहे, पडताळणीसाठी आधी शंभर डॉलर भरा, मग तुमचे सोडतो. चूक माझी आहे, नाव मी चुकीचं घातलं. पण पैसे घेताना कार्डावरची इंदुमती त्यांना चालली. देताना कोण बाई म्हणतात. हॉकीवाल्याने माझी चूक दारात दाखवली आणि मी त्याच्यावर चिडले. मीच येडी.

शंभर मी भरलेले नाहीत. भरणारही नाही.

तुझी पाच कारणं तुला कुणी शिकवली ते लिही. आणि त्या पाच चांदण्या कोण देतं तेही लिही.

आजी


बर्नाबी
६ मार्च २०२५

प्रिय आजी,

शंभर डॉलर अजिबात भरू नकोस. प्लीज. ते भरायचे नसतात.

बाकी तू उगाच डिटेक्टिव्ह होतेयस. कधी कधी सिस्टिममध्ये इश्यू येतात. मी आतून बघतो, तुझे पैसे पुढच्या आठवड्यात येतील. तोपर्यंत मराठी मंडळातल्या बायकांना काही सांगू नकोस, उगाच पॅनिक होतं. मामालाही नको.

रिव्ह्यू लोक लिहितात गं. कस्टमर्स.

मिडटर्म चालू आहेत, मोठं लिहीत नाही.

राजस


विंडसर
१५ मार्च २०२५

राजस,

तुझं कॉलेज गेल्या वर्षी संपलं. मिडटर्म कुणाच्या चालू आहेत?

पैसे आले. तू पुढच्या आठवड्यात म्हणालास, बरोबर पुढच्या आठवड्यात आले, शंभर न भरता. आनंद व्हायचा तो झाला नाही. चॅटवाल्याला जे जमलं नाही ते तुला बर्नाबीत बसून जमलं. "आतून बघतो" म्हणालास. कशाच्या आतून?

ते मला गुरुवारी कळलं. गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांचा कम्युनिटी सेंटरमध्ये चहा असतो. मी कोट काढते न काढते तोच ताराबाई म्हणाल्या, "इंदूताई, एवढ्या जिंकलात आणि साधा पेढा नाही?"

म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की." आणि फोन पुढे केला.

माझा फोटो. काळी साडी, हातात तिळगुळाची वाटी. खाली लिहिलंय, विंडसरच्या इंदुमती आजी म्हणतात, "मी एवढी शिकलेली नाही, पण इथे पैसे चहा उकळेपर्यंत हातात येतात." मराठीत लिहिलंय. वर पाच चांदण्या. शेजारी मोर. त्याच्याखाली तुझी पाच कारणं, कुलूप, बेट, सगळी, त्याच क्रमाने, आणि शेवटी "तुम्हाला एवढं सगळं अजून कुठे मिळणार?" हे वाक्य मी तुझ्या हाताने लिहिलेलं वाचलंय. फोनवर बोलत बसले असते तर आज माझ्याकडे काय असतं?

चहा उकळेपर्यंत मी कधी काही म्हटलेलं नाही. मला उकळलेला चहा आवडत नाही हे तुला माहीत नाही का?

ताराबाईंना नंतर बाजूला घेतलं. त्यांनी पैसे भरलेत. त्यांच्या बहिणीने भरलेत. तिकडे लव्हाल शहरात त्यांची भाची असते, तिनेही. का, तर इंदूताई खोटं बोलणार नाहीत. मी म्हटलं, हे मी म्हटलेलं नाही. ताराबाई हसल्या. म्हणाल्या, "जिंकलं की सगळे असंच म्हणतात, वाटून घ्यायला नको म्हणून." तेव्हा माझे पैसे आलेलेही होते, तेही त्यांना सूनबाईकडून कळलेलं. आता मी काय सांगू?

माझा फोटो काढ. मी तुला विचारत नाही, सांगते आहे.

इंदुमती घाटगे


बर्नाबी
२१ मार्च २०२५

आजी,

ठीक आहे. हे खरं.

आमची कंपनी कॅसिनो चालवत नाही. आम्ही रिव्ह्यूची साइट चालवतो. कुठलं कॅसिनो सेफ, कुठलं फेअर, ते लोकांना सांगतो. जो कॅसिनो पैसे देतो त्याला स्टार. आमच्या लिंकवरून कुणी तिथे जाऊन पैसे भरले की कंपनीला कट मिळतो. मी मराठी आणि हिंदी पेज करतो. फोटोची आयडिया मॅनेजरची होती, कुणीतरी ट्रस्ट वाटेल असं हवं म्हणाला. माझ्या फोनमध्ये तू होतीस.

तुझे पैसे मी मॅनेजरला सांगून सोडवले. सगळ्यांचे नाही सोडवता येत.

आजी, मी फोटो काढला तर तो लगेच विचारणार. दोन महिने राहिलेत. फक्त दोन महिने. मे एंडला लेटर मिळालं की मी स्वतः राजीनामा देतो, पेज डिलीट करतो, तू म्हणशील ते करतो. लेटर नाही मिळालं तर पी.आर. नाही, ऑगस्टमध्ये बॅग भरायची. बाबांच्या फ्लॅटचं काय? आईला तू काय सांगशील?

आणि लोक लहान नाहीत. मी कुणाचा हात धरून भरायला लावलं नाही. इथे सगळेच असं करतात. मी नाही लिहिलं तर दुसरा कुणी लिहील, आणि त्याच्या मराठीत चुका असतील.

प्लीज मामाला सांगू नकोस. दोन महिने गप्प बस. माझ्यासाठी.

राजस


विंडसर
१ एप्रिल २०२५

राजस,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. रविवारी पाडवा होता. मी गप्प बसले नाही.

मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. श्रीखंड झालं, मुलांचे नाच झाले, मग सूत्रसंचालन करणारी म्हणाली, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. बोलायचं कुणालाच नसतं, सगळे पार्किंगकडे बघत असतात. मी उठले. पायऱ्या चढताना नंदू कुजबुजला, "आई, काय करतेस?" मी म्हटलं, "दोन शब्द."

माइक हातात घेतला आणि सांगितलं. मी कॅसिनो खेळते. कुणाला वाईट वाटलं तर त्यांनी श्रीखंड घेऊन घरी जावं. ह्या जाहिरातीतली बाई मी आहे आणि तिच्या तोंडी घातलेलं एकही वाक्य माझं नाही. ते माझ्या सख्ख्या नातवाने लिहिलंय. नाव राजस. बर्नाबीत असतो, तसंच लिहायचा पगार घेतो. माझे पैसे मला मिळाले ते त्याने आतून सोडवले म्हणून, तुमचा नातू तिथे नसेल तर तुमचे मिळणार नाहीत.

पुढे काय काय सांगितलं तेही लिहिते, तुझ्या धंद्याला उपयोगी पडेल. खेळायचंच असेल तर आधी सरकारच्या यादीत नाव बघा. सीलवर बोट दाबा, उघडलं नाही तर ते चित्र आहे. स्वतःचं खरं नाव घाला, माझ्यासारखा शहाणपणा करू नका. बोनस घेण्याआधी खालचं बारीक वाचा, ते पैसे हातात येण्याआधी बोनसच्या किती पट खेळावं लागतं ते तिथेच दडवलेलं असतं. पहिल्यांदा थोडेच भरा आणि लगेच परत मागून बघा. आपलेच पैसे परत देताना जो आणखी पैसे मागतो त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. चांदण्या कोण देतं ते विचारा. आणि धड कॅसिनोतसुद्धा शेवटी कॅसिनोच जिंकतं, फसवणूक नाही म्हणजे फायदा होईल असं नाही. जे गेलं तर रडू येईल ते भरूच नका.

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंदू मध्येच उठून गाडीत जाऊन बसला. घरी आल्यावर म्हणाला, "भाच्याचं नाव घ्यायची काय गरज होती?" मी म्हटलं, "माझं नाव त्याने घेतलं तेव्हा कुणाला विचारलं?"

तू म्हणतोस लोक लहान नाहीत. खरं आहे, लहान नाहीत. म्हणूनच त्यांना माझा फोटो दाखवावा लागला ना? मोठ्या माणसांना नुसत्या मोराने फसवता येत नाही.

दोन महिने म्हणतोस. दोन महिन्यांत आणखी किती ताराबाई? त्यातल्या कुणाचे पैसे सोडवायचे आणि कुणाला नाही म्हणायचं ते तू ठरवलंयस का?

मायदेशी परत जावं लागलं तर जा. तिथेही माणसं राहतात. तुझी आई तिथेच राहते, तिला मी सांगेन, तिची भीती मला घालू नकोस. बापाचा फ्लॅट गहाण आहे तो तुला शिकवायला. माझं तोंड कुणी गहाण टाकलं नव्हतं.

फोटो अजून आहे. आज सकाळी बघितला.

आजी


बर्नाबी
२३ एप्रिल २०२५

आजी,

पाडव्याचा व्हिडिओ मला चार जणांनी फॉरवर्ड केला. माझ्या रूममेटलाही आला. थँक्स.

ईस्टरच्या लाँग वीकेंडला मॅनेजर केलोनाला फिरायला गेला होता. गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तुझा फोटो काढला. तेवढंच करणार होतो. मग स्टार काढले. मग बाकीचं वाचवेना. सगळं पुसलं आणि तू माइकवर जे बोललीस ते टाइप केलं, त्याच भाषेत, श्रीखंडाचं सोडून. शंभर डॉलरचं टाकलं. आम्हाला कट मिळतो हे टाकलं. खाली माझं पूर्ण नाव टाकलं. कंपनीत कुणाला मराठी येत नाही, त्यामुळे मंगळवार दुपारपर्यंत ते तसंच होतं. मग कॅसिनोवाल्यांचा फोन आला, मराठीतून नवीन माणसं येणं बंद का झालं म्हणून.

मला दहा मिनिटांत बाहेर काढलं. लेटरचं विचारलं तर मॅनेजर हसला.

आता मी ग्रोसरी डिलिव्हर करतोय. ते पी.आर.साठी धरत नाहीत. लेटरशिवाय ऑफिसचे महिने मोजत नाहीत, म्हणजे ऑगस्टच्या आत नवीन नोकरी मिळाली तरी वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि तेवढं परमिटच नाही.

मी सॉरी म्हणणार नाही. तू माझं नाव सगळ्या गावासमोर घेतलंस. तुला ज्यांच्यासाठी एवढं करायचं होतं त्या बायकांनी माझ्यासाठी काय केलं? खूश आहेस का आता? ते लिही. कागदावर.

राजस


विंडसर
२ मे २०२५

राजस,

खूश नाही. विचारलंस म्हणून लिहिलं.

तुझी नोकरी गेली ह्याचं मला वाईट वाटतं असं लिहिणार नाही, ती नोकरी जायलाच हवी होती. लेटर गेलं त्याचं वाईट वाटतं. दोन्ही एकाच कागदावर बसतात. तू बदललेलं पान नंदूने ईस्टरच्या शनिवारीच वाचलं, दोनदा. तुझं पूर्ण नाव आलं तिथे थांबला. मग म्हणाला, वरची खोली रिकामी आहे, त्याला इकडे बोलव, विंडसरमध्ये नोकऱ्या शोधू. भाडं घेणार नाही म्हणाला. मी घेणार आहे. यायचं तर ये, नाही तर नको, मी आर्जव करणार नाही.

बायकांनी काय केलं म्हणतोस. बहुतेकींनी मोर बंद केला. लव्हालच्या भाचीने बँकेला कळवून कार्ड बदललं. कुणी तुझे आभार मानलेले नाहीत, माझेही नाहीत. दोघी तर माझ्याशी बोलत नाहीत.

राहिल्या ताराबाई. मी माइकवर बोलले तेव्हा त्या पहिल्या रांगेत होत्या. सगळं ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी शंभर डॉलर भरले. इंदूताईंचा नातू आत आहे, तो त्यांचे सोडवतो तर माझेही सोडवेल, असा हिशोब. मोराने पुन्हा मागितले. त्यांनी पुन्हा भरले. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये जाऊन समोर बसून सांगितलं की गेले, ताराबाई. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेलं नाही ना ते? मग तुम्हाला काय माहीत? ज्याने लिहिलं तो सांगू दे."

तेव्हा फोन कर. फोनच कर, कागदावरचं बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही. माझा नातू म्हणून बोलू नकोस, ते पान लिहिणारा म्हणून बोल. पैसे येणार नाहीत असं सांग, अजून एक सेंटही भरू नका असं सांग, आणि तुझ्या हातात आता काही नाही हेही सांग. त्या रडतील, शिव्या देतील. फोन ठेवायचा नाही. तू रडलास तर आवाज येऊ देऊ नकोस, नाहीतर त्याच तुला समजावत बसतील आणि मुद्दा राहील.

नंबर पाठीमागे लिहिलाय. कधीही कर, त्या पहिल्याच घंटेला उचलतात. त्यांना वाटतं मोरवाल्यांचा आहे.

आजी